पेशी पाठवल्या, पोचपावती कुठे आहे?

एप्रिल २०२४ मध्ये पवईला, आयआयटी मुंबईत, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार१९’ या उपचाराचं लोकार्पण झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून घडवलेला हा भारतातला पहिला कार-टी उपचार. तेव्हापासून रक्ताच्या कर्करोगाचा विषय निघाला की ‘कार-टी’ हा शब्द आपल्याकडच्या घरांतही ऐकू येऊ लागला आहे. कल्पना तशी चटकन समजते. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी काही, बाहेर काढायच्या. प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं. मग त्यांची संख्या वाढवून पिशवीतून, रक्त चढवतात तसं, त्या रुग्णाच्या नसेत परत सोडायच्या.

सोडल्यानंतर त्या जातात कुठे?

हा प्रश्न अगदी साधा आहे, पण त्याचं नेमकं उत्तर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत आजही कुणालाच माहीत नसतं. रुग्णाला नाही आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. आपण महत्त्वाचं पत्र पाठवताना पोस्टात पोचपावतीसाठी वेगळे पैसे भरतो. इथे माणसाचा जीव पणाला लागलेला असतो, लाखो रुपये खर्च झालेले असतात आणि पोचपावती मिळत नाही. ती मिळवण्यासाठी गेली जवळपास पन्नास वर्षं शास्त्रज्ञ धडपडत आहेत. ही धडपड सामान्य वाचकाला समजली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण पेशींचे उपचार विकत घेण्याची वेळ आता आपल्यातल्या कुणावरही येऊ शकते.

हे औषध चालतं, वाढतं आणि मरतंही

तापाची गोळी पोटात विरघळते, रक्तात मिसळते, काही तासांनी शरीराबाहेर पडते. किती मिलिग्रॅम दिलं आणि किती वेळाने किती उरलं याचा हिशेब मांडता येतो. पेशीचा असा हिशेब लागत नाही. ती जिवंत असते. रक्ताबरोबर वाहत जाते, एखाद्या जागी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून आत शिरते. तिथे मानवलं तर तिची एकाची हजार होतात, नाही मानवलं तर त्याच दिवशी मरते.

त्यात संख्येची अडचण आहे. माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात. कार-टी उपचारात सोडलेल्या पेशींची संख्या काही कोटींत असते. दहा कोटी धरल्या तरी हे प्रमाण तीन लाखांत एक एवढंच पडतं. एका मध्यम शहरात आपली ओळखीची एक व्यक्ती शोधायची आणि तीही शेजाऱ्यांसारखीच दिसणारी, असा हा प्रकार आहे.

रक्त तपासलं तर कळत नाही का?

थोडंफार कळतं, आणि आज मुख्य भिस्त त्यावरच आहे. उपचारानंतर रुग्णाचं रक्त ठरावीक दिवसांनी घेतात आणि बदललेल्या पेशी किती आहेत ते मोजतात. पण टी-पेशी ज्या गटात मोडतात त्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी घ्या. शरीरातल्या अशा सगळ्या पेशींपैकी एका वेळी रक्तात असतात त्या जेमतेम दोन टक्के. बाकीच्या लसिकाग्रंथी, म्हणजे काखेत-जांघेत ज्यांची गाठ हाताला लागते त्या ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा अशा ठिकाणी मुक्कामाला असतात. खालापूरच्या टोलनाक्यावर उभं राहून गाड्या मोजल्या तर एक्स्प्रेस वेवर किती वर्दळ आहे ते समजेल. त्यातली कुठली गाडी पुण्यात कुणाच्या दारात थांबली, हे नाक्यावरून दिसणार नाही.

रक्ताच्या कर्करोगात हे काहीसं चालून जातं, कारण तिथे शत्रूही बराचसा रक्तात आणि मज्जेतच असतो. मेंदूतली गाठ, स्वादुपिंडातली गाठ, हृदयविकाराच्या झटक्यानंतर निकामी झालेला स्नायूचा तुकडा, अशा ठिकाणी रक्ताची तपासणी फार तोकडी पडते. गाठीत सुई घालून तुकडा काढता येतो, पण तो एका क्षणाचा आणि एका टोकाचा नमुना असतो. मेंदूत अशी सुई दर आठवड्याला घालता येत नाही.

म्हणून बाहेरूनच, शरीराला न कापता, पेशी पाहायच्या. त्यासाठी आधी त्यांना ओळखू येईल अशी खूण करावी लागते.

गुलाल लावून पाठवणं

विसर्जनाच्या मिरवणुकीतून परतणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडूनही ओळखू येतो, कारण तो गुलालाने माखलेला असतो. पेशी शरीरात सोडण्याआधी प्रयोगशाळेतच तिला असा ‘गुलाल’ लावायचा, ही खूण करण्याची सर्वात जुनी आणि सरळ पद्धत.

पहिला यशस्वी गुलाल किरणोत्सारी होता. १९७०च्या दशकाच्या मध्यात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मॅथ्यू ठाकूर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींमध्ये इंडियम-१११ हे मूलद्रव्य भरायची रीत बसवली. इंडियम ऑक्झिन नावाच्या रेणूच्या पाठीवर बसून पेशीच्या आवरणातून आत शिरतं आणि आतच अडकून राहतं. त्यातून निघणारे गॅमा किरण बाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याला दिसतात. इंडियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे २.८ दिवसांचं आहे. त्यामुळे पेशींचा माग दोन-तीन दिवस सहज काढता येतो.

ही पद्धत आजही वापरात आहे. कृत्रिम सांध्याभोवती छुपा जंतुसंसर्ग आहे का हे शोधताना रुग्णाचं थोडं रक्त काढून, त्यातल्या पांढऱ्या पेशींना इंडियमची किंवा टेक्नेशियमची खूण करून त्या परत सोडतात. पेशी संसर्गाच्या जागी आपणहून गोळा होतात आणि ती जागा पडद्यावर उजळते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अणुवैद्यकाचं काम चालू आहे. म्हणजे ज्या पायावर हे सगळं उभं आहे, तो मुंबईला नवा नाही.

पुढे पेट स्कॅन आला. यात वापरलेल्या द्रव्यातून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि त्या जागेवरून किरणांचे दोन ठिपके बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. एकाच क्षणी पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक बाण उडालेला दिसला, तर ते कुठल्या रेषेवरून सुटले हे सांगता येतं. रुग्णाभोवतीच्या कड्यातलं यंत्र अशा लाखो रेषा टिपतं आणि त्यांच्यावरून किरणांचा उगम कुठे आहे ते मांडतं.

या गुलालाने काय दाखवून दिलं त्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २००५ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळात जगभर एक मोठी आशा होती: रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी हृदयात सोडल्या की निकामी स्नायू दुरुस्त होईल. या डॉक्टरांनी पेशींना पेट स्कॅनमध्ये दिसेल अशी खूण केली आणि तासाभराने पाहिलं. हृदयाच्या धमनीत थेट सोडलेल्या सर्वसाधारण मज्जापेशींपैकी दुखावलेल्या भागात सापडल्या १.३ ते २.६ टक्के. बाकीच्या बहुतांश यकृत आणि प्लीहेत जाऊन बसल्या होत्या. हाताच्या नसेतून दिलेल्या पेशी तर हृदयात दिसण्याइतक्याही पोचल्या नव्हत्या. मात्र पेशींमधून एक खास प्रकार निवडून धमनीत सोडला, तेव्हा हे प्रमाण १४ ते ३९ टक्क्यांपर्यंत गेलं.

शंभर पेशी पाठवल्या आणि दोन पोचल्या. अशा वेळी उपचाराचा गुण आला नाही तर दोष पेशींचा की वाटेचा? चित्र नसतं तर हा प्रश्नसुद्धा कुणाला सुचला नसता.

लोखंडाची खूण, आणि हुकलेली सुई

किरणोत्सारी खुणेची एक मर्यादा म्हणजे चित्र धूसर असतं. पेटमध्ये साधारण चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील नीट सुटा दिसत नाही. एमआरआयमध्ये तो मिलिमीटरच्या घरात दिसतो. म्हणून काही संशोधकांनी पेशींना लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण खाऊ घातले. लोहामुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि एमआरआयच्या चित्रात त्या जागी काळा डाग उमटतो.

नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर एक लस तपासली जात होती. लस म्हणजे रुग्णाच्याच डेंड्रिटिक पेशी. या पेशींचं काम शाळामास्तरांसारखं असतं. शत्रूचा तुकडा घेऊन त्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी-पेशींना ‘असा दिसणाऱ्याला सोडायचं नाही’ असं शिकवतात. वर्ग ग्रंथीत भरतो, तेव्हा मास्तर ग्रंथीत पोचलेच पाहिजेत. म्हणून अनुभवी रेडिऑलॉजिस्ट सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई थेट ग्रंथीत नेत आणि पेशी सोडत. यात चूक होण्याला वाव कमीच, असं कुणालाही वाटेल.

पेशींना लोहाची आणि इंडियमची अशी दोन्ही खूण करून ८ रुग्णांत पाहिलं गेलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. एमआरआयमध्ये दिसलं की ८ पैकी ४ रुग्णांत पेशी ग्रंथीत नव्हत्याच. त्या बाजूच्या चरबीत पडल्या होत्या. इंडियमच्या धूसर चित्रात ग्रंथीतला ठिपका आणि ग्रंथीशेजारचा ठिपका यांत फरक कळत नव्हता. लोहाच्या काळ्या डागाने तो दाखवला.

या निष्कर्षावर मी पुन्हा पुन्हा येतो. पोचपावती नसती तर त्या चौघांवर लसीचा परिणाम झाला नाही म्हणून लस निकामी ठरली असती. मास्तर वर्गात गेलेच नाहीत आणि आपण म्हणणार, मुलं नापास झाली कारण शिकवणं वाईट. जगभरात पेशी-उपचारांच्या किती चाचण्या अशा रीतीने ‘अपयशी’ म्हणून बंद झाल्या असतील, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं.

लोहाच्याही अडचणी आहेत. रक्तस्राव झाला तरी तिथे लोह साठतं आणि डाग काळाच दिसतो. डोंगरावरून रात्री गावाकडे पाहताना एका घरात अंधार दिसला, तर घर रिकामं आहे, लोक झोपलेत की वीज गेली आहे हे सांगता येत नाही, तसं काहीसं. शिवाय यकृताच्या तपासणीसाठी बाजारात असलेलं ज्या प्रकारचं लोहद्रव्य संशोधक वापरत होते, ते बनवणाऱ्यांनीच पुढे बंद केलं. मग काहींनी रक्तक्षयावर दिल्या जाणाऱ्या लोहाच्या औषधाकडे मोर्चा वळवला, तर काहींनी लोहच सोडून फ्लोरिन धरलं. दात आणि हाडं सोडली तर शरीरात फ्लोरिन जवळपास नसतंच आणि तिथलं घट्ट बांधलेलं फ्लोरिन एमआरआयला दिसत नाही. त्यामुळे फ्लोरिनची खूण काळ्याकुट्ट शेतात बॅटरी लागावी तशी उठून दिसते. पण त्यासाठी एका जागी लाखो पेशी जमाव्या लागतात. थोड्या असल्या तर काहीच दिसत नाही.

गुलाल धुतला जातो, आडनाव राहतं

गुलालाच्या सगळ्याच प्रकारांत दोन दोष आहेत आणि ते दूर होण्यासारखे नाहीत.

पहिला दोष असा की पेशी दुभंगली की खूण दोघींत वाटली जाते. दोनाच्या चार, चाराच्या आठ होताना प्रत्येकीच्या वाट्याला येणारा गुलाल कमी कमी होतो. कार-टी पेशींची तर सगळी मदार वाढण्यावरच असते. म्हणजे उपचार जितका यशस्वी, तितकी खूण लवकर पुसट होणार. दुसरा दोष याहून फसवा. पेशी मेली की शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, तिला गिळतात. गुलालाने माखलेला सदरा दुसऱ्याने अंगात घालावा तशी ती खूण त्यांच्याकडे जाते. पडद्यावर ठिपका दिसतच राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, पेशी जिवंत आहे.

यावरचा उपाय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत जाणारी खूण द्यायची. गुलालाऐवजी आडनाव. पेशीच्या जनुकांतच एक जास्तीचं जनुक बसवायचं. त्याला आपण ‘खबऱ्या जनुक’ म्हणू. पेशी जिवंत असेतो हे जनुक एक विशिष्ट प्रथिन बनवत राहतं. रुग्णाला स्कॅनच्या आधी एक किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि ते द्रव्य फक्त त्या प्रथिनापाशी अडकतं. पेशीची लेकरंही तेच प्रथिन बनवतात, म्हणून खूण पुसट होत नाही. पेशी मेली की प्रथिन संपतं आणि पुढच्या स्कॅनमध्ये ठिपका दिसत नाही. सहा महिन्यांनी पाहायचं असेल तर पुन्हा द्रव्य टोचायचं. सुरुवातीच्या खुणेचं अर्धायुष्य किती, हा प्रश्नच उरत नाही.

या वाटेवर सर्वात मोठं काम केलेल्यांपैकी एक म्हणजे संजीव गंभीर. जन्म अंबाल्याचा, १९६२चा. लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत गेले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात रेडिऑलॉजी विभागाचे प्रमुख झाले. नागिणीसारखे आजार देणाऱ्या विषाणूंच्या कुळातल्या हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचं एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खबऱ्या म्हणून वापरलं. द्रव्याचा रेणू पेशीत शिरला की हे विकर त्याला एक जोड देतं आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. पाहुण्याला आत घेऊन आतून कडी लावावी तसं. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या केंद्रातल्या एका रुग्णाला ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग होता. त्याच्या मेंदूत सोडलेल्या टी-पेशींमध्ये हा खबऱ्या बसवलेला होता. २००९ मध्ये त्याचं पेट चित्र प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रियेच्या जागी पेशी दिसल्याच, पण जिथे त्या सोडल्या नव्हत्या अशा दुसऱ्या गाठीपाशीही उजेड दिसला. पेशी तिथवर चालत गेल्याची ती चिन्हं होती. २०१७ मध्ये याच पद्धतीने ७ रुग्णांतले निष्कर्ष आले.

गंभीर यांचा मुलगा याच ग्लिओब्लास्टोमाने २०१५ मध्ये गेला. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०२० मध्ये ते स्वतःही कर्करोगाने गेले. ज्या रोगातली लढाई डोळ्यांनी पाहता यावी म्हणून त्यांनी एवढं केलं, तो त्यांच्याच घरात शिरला होता. त्यांचे शोधनिबंध वाचताना हे विसरता येत नाही.

मग सगळ्याच रुग्णांचं असं स्कॅन का करत नाहीत?

हा रास्त प्रश्न आहे आणि याचं उत्तर तंत्रापेक्षा व्यवहारात जास्त आहे. खबऱ्या जनुक बसवलं की ती पेशी नियमांच्या दृष्टीने वेगळं औषध ठरते. तिची सुरक्षितता नव्याने सिद्ध करावी लागते. मंजुरी मिळालेल्या उपचारात असा बदल करायला कुणी सहजासहजी धजत नाही. त्यात विषाणूचं प्रथिन वापरलं तर शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला परकं समजून आपण पाठवलेल्या पेशींवरच तुटून पडू शकते. मेंदूच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. टोचलेलं द्रव्य निरोगी मेंदूत सहज शिरतच नाही. गाठीमुळे मेंदूचं कुंपण मोडलेलं असतं तिथे ते जास्त जातं. म्हणून उजेड दिसला की तो सगळा पेशींचाच, असं धरून चालता येत नाही. दोन स्कॅनची तुलना करून हिशेब काढावा लागतो.

किरणोत्साराने अपाय नाही का होणार?

रुग्णापुरतं बोलायचं तर एका पेट स्कॅनच्या द्रव्यातून साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार मिळतो. सिव्हर्ट हे किरणोत्साराच्या परिणामाचं माप. माती, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. म्हणजे एक स्कॅन दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्साराएवढा, आणि सोबत सीटी असेल तर त्याहून जास्त. ज्याच्यापुढे जीवघेणा कर्करोग उभा आहे त्याच्यासाठी हा सौदा बहुधा परवडतो. लहान मुलांच्या बाबतीत, किंवा दर पंधरा दिवसांनी स्कॅन करायचा म्हटलं तर, हात आखडता घ्यावा लागतो.

ज्यावर कमी बोललं जातं तो अपाय खुद्द पेशीला होणारा आहे. गुलाल पद्धतीत किरणोत्सारी द्रव्य पेशीच्या पोटातच बसतं. लिम्फोसाइट पेशी किरणोत्साराला फार नाजूक असतात. खूण स्पष्ट दिसावी म्हणून द्रव्य जास्त भरलं तर निरोप्या वाटेतच मरतो. म्हणून प्रत्येक पद्धतीत दिसण्याइतकं पण मारण्याइतकं नाही, असं प्रमाण आधी प्रयोगशाळेत ठरवावं लागतं: खूण केल्यानंतरही पेशी वाढते का, शत्रूला मारते का, हे तपासून.

उंदरांवरच्या प्रयोगांत ही काळजी कमी असते. तिथे काजव्याचं प्रकाश देणारं जनुक पेशीत घालतात आणि अख्खा उंदीर अंधाऱ्या खोक्यात ठेवून त्यातून येणारा उजेड टिपतात. बातम्यांबरोबर छापून येणारी निळ्या-लाल ठिपक्यांच्या उंदरांची चित्रं बहुतेक याच प्रकारची असतात. माणसाच्या शरीरात तो उजेड काही सेंटिमीटरांतच विझतो. त्यामुळे तसं चित्र पाहून ‘माणसांतही दिसलं’ असं समजू नये.

पेशी दिसल्या म्हणजे रोग बरा होणार?

नाही. पोचपावती पत्र पोचल्याचं सांगते. ते वाचलं की नाही, हे सांगत नाही. टी-पेशी गाठीपर्यंत जाऊन थकून निष्क्रिय होतात, असं कर्करोगाच्या गाठींमध्ये सर्रास घडतं. चित्राचा उपयोग अपयशाचा पत्ता शोधायला होतो. पेशी पोचल्याच नाहीत तर वाट बदला. पोचून मेल्या तर तिथलं वातावरण सुधारा. पोचल्या, जगल्या आणि तरी काही झालं नाही, तर पेशीचीच घडण बदला. या तीन आजारांची तीन वेगळी औषधं आहेत आणि चित्राशिवाय तिन्ही एकसारखे दिसतात.

आणि धोक्याचं काय? कार-टी नंतर काही रुग्णांना चेतासंस्थेचा त्रास होतो. गोंधळल्यासारखं होतं, बोलताना शब्द सापडत नाहीत, कधी झटके येतात. त्या वेळी पेशी मेंदूत किती शिरल्या आहेत हे दिसलं, तर डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागणार नाही.

कुणी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं तर

इथवरचं सगळं ज्यांच्यासाठी लिहिलं, ते वाचक बहुधा इथे आहेत. गुडघेदुखी, पाठीच्या कण्याची इजा, मुलांतला ऑटिझम, मधुमेह अशा कितीतरी आजारांवर स्टेम सेल म्हणजे मूलपेशी नसेतून देण्याच्या जाहिराती दिसतात. ‘पेशी आपणहून बिघडलेल्या जागी जातात’ हे वाक्य त्यांत हमखास असतं.

खूण करून पाहिलेल्या अभ्यासांनी काय दाखवलं ते पाहा. अशा उपचारांत बहुधा वापरल्या जाणाऱ्या मूलपेशी आकाराने मोठ्या असतात आणि फुफ्फुसातल्या केशवाहिन्या त्यांच्यापेक्षा अरुंद. नसेतलं रक्त आधी फुफ्फुसातूनच गाळून जातं, त्यामुळे बहुतेक पेशी पहिल्या काही मिनिटांत तिथेच अडकतात. तेहरानमध्ये यकृताच्या सिरॉसिसच्या ४ रुग्णांवर इंडियमची खूण करून हेच पाहिलं गेलं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पेशी आधी फुफ्फुसात होत्या, मग हळूहळू प्लीहेत आणि यकृतात सरकल्या. त्या मेंदूकडे किंवा गुडघ्याकडे धावत सुटत नाहीत.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. पेशी फुफ्फुसात अडकूनही उपयोगी रसायनं सोडू शकतात आणि त्यांनी संरक्षणयंत्रणा शांत होऊ शकते. हे खरं आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर मुलांत होणाऱ्या एका गंभीर आजारावर अशा पेशींच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण ती एका ठरावीक आजारासाठी, चाचण्यांनंतर मिळाली. तिच्या आधारावर बाकी सगळ्या आजारांची हमी देता येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: रक्तपेशी बनवणाऱ्या मूलपेशींचं, ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा बाकी वापर हा संशोधन आहे आणि तो नोंदवलेल्या चाचणीतच व्हायला हवा. म्हणून कुणी असं इंजेक्शन सुचवलं तर नोंदणी क्रमांक मागा आणि शांतपणे विचारा: डॉक्टर, या पेशी जातात कुठे, आणि ते कुणी, कसं पाहिलं आहे? ज्यांचं काम खरं आहे त्यांना हा प्रश्न आवडतो.

आडनाव आपल्याच घरातलं

विषाणूचं प्रथिन परकं ठरतं, तर माणसाचंच एखादं प्रथिन खबऱ्या म्हणून का वापरू नये, या विचारावर सध्या बरंच काम चालू आहे. थायरॉइडच्या पेशींवर आयोडीन आत ओढणारं एक दार असतं. ते दार टी-पेशीवर बसवलं तर थायरॉइडच्या स्कॅनची जुनीच द्रव्यं वापरून तिचा माग काढता येतो. दुसरा उमेदवार आहे पीएसएमए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगात भरपूर सापडणारं प्रथिन. प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी पीएसएमए पेट स्कॅन आता मुंबई-पुण्यातही नेहमीचा झाला आहे. म्हणजे द्रव्य तयार आहे, यंत्र तयार आहे, चित्र वाचणारे डॉक्टर तयार आहेत. पेशीवर ते प्रथिन बसवणं तेवढं बाकी.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१९ मध्ये उंदरांवर हे करून पाहिलं गेलं. कार-टी पेशींवर पीएसएमए बसवलं, पेट स्कॅन केला आणि अवघ्या दोनेक हजार पेशींचा पुंजकाही दिसला. त्याच प्रयोगात संशोधकांनी उंदरांच्या रक्तातल्या आणि मज्जेतल्या कार-टी पेशी मोजल्या आणि गाठीत शिरलेल्या पेशींच्या संख्येशी ताडून पाहिल्या. दोन्ही आकडे नेहमी जुळत नव्हते. नाक्यावर गर्दी असतानाही गाठीत शुकशुकाट असू शकतो, हे चित्रातच दिसत होतं.